आकाशातला परका उजेड

वांगणीच्या माळावरून आकाशगंगेचा फोटो काढणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: डोळ्यांना काळं दिसलेलं आकाश फोटोत तपकिरी येतं आणि मुंबईच्या बाजूला तर पहाट झाल्यासारखं वाटतं.

मग हात जातो तो व्हाइट बॅलन्सकडे. नारिंगी जास्त आहे ना, वाढवा निळा! आमटी खारट झाली म्हणून गूळ घातला, तरी मीठ आमटीतच राहतं. व्हाइट बॅलन्स बदलला की लाल, हिरवा, निळा हे रंग वेगवेगळ्या पटींनी गुणले जातात. शहराचा उजेड मात्र ताऱ्यांच्या उजेडात भर म्हणून पडलेला असतो, तो वजाच करावा लागतो. निळा वाढवला की आकाश करडं होतं खरं, पण वृश्चिकातली तांबूस ज्येष्ठा पांढरीफटक पडते. कुणाचाही फोटो आला की मी आधी ज्येष्ठा शोधतो.

ही वजाबाकी सिरिल किंवा ग्रॅक्सपर्ट ही मोफत सॉफ्टवेअरं करतात. चित्रात जिथे नुसतंच आकाश आहे, तिथे नमुन्याचे ठिपके ठेवायचे. त्यांवरून उजेडाचा चढउतार काढला जातो आणि तो मूळ चित्रातून वजा होतो. कसोटी ठिपके ठेवण्यातच आहे. एखादा ठिपका आकाशगंगेच्या पट्ट्यावर पडला, तर सॉफ्टवेअर तिलाच प्रदूषण समजून पुसायला लागतं. म्हणून ठिपके थोडेच ठेवावेत. आणि हे सगळं रॉ फाइलचा उजळपणा ताणण्याआधी करायचं, कारण ताणल्यावर आकडे उजेडाच्या प्रमाणात उरत नाहीत.

लेन्समुळे काळवंडलेले कोपरे हा वेगळा हिशोब, तिथे भागाकार लागतो. त्याच लेन्सने, तेवढ्याच अ‍ॅपर्चरवर, एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या पृष्ठभागाचे फोटो घ्यायचे आणि त्यांनी मूळ चित्राला भागायचं. वजाबाकीच्या आधी.

पूर्वीच्या सोडियम दिव्यांचा उजेड बराचसा 589 नॅनोमीटरच्या आसपास असे, त्यामुळे फिल्टरने थोडाफार अडे. पांढऱ्या एलईडीचा उजेड निळ्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला. त्याला कुठला फिल्टर पुरणार?

पण प्रत्येक छटा दोष नसते. धनु राशीकडचा आकाशगंगेचा मध्यभाग जुन्या ताऱ्यांमुळे आणि धुळीमुळे पिवळसरच असतो. त्याला निळाजांभळा करायची हल्लीची फॅशन मला मुळीच पटत नाही.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. अशा अंधाऱ्या जागीही फोटोत कधी हिरवट लाटा उमटतात. सुमारे 95 किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनच्या अणूंची ती झळाळी, 557.7 नॅनोमीटरची. हिरवा काढून टाकणारं बटण जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतं. ते दाबण्याआधी चार फोटो ओळीने लावून बघा. लाटा जागा बदलत असतील, तर त्या राहू द्या.