अंगणातून जगाकडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलावेत असा मंडळाचा आग्रह झाला. विषय मी साधाच निवडला आहे : घरी राहून अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलामुलींना जगाचा भूगोल कसा शिकवावा?

अशी मुले कोणती, हे युसूफ वडगावात सांगावयास नको. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. काही मुले त्यांच्याबरोबर फडावर जातात, काही आजीपाशी राहतात. एकदा सुटलेली शाळा पुष्कळदा सुटतेच. पुढे एखादी मुलगी जिद्दीने सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बसते. गणित-इंग्रजीसाठी ती कोणाला तरी गाठते. भूगोल मात्र ‘पाठ केला की झाले’ म्हणून बाजूस राहतो.

ही चूक मीही केली. तीन-चार मुली संध्याकाळी माझ्याकडे येत. त्यांच्याकडून मी देश आणि राजधान्या घोकून घेतल्या. एके दिवशी एकीने विचारले, “बाई, ह्या नकाशात आपण कुठं हाव?” मी बोट ठेवले. ती म्हणाली, “पण तिथंच हाव, हे कशावरून?” मला उत्तर देता येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंगणात काठी रोवली आणि सावली मोजू लागलो. सावली सर्वांत आखूड झाली ती बारा वाजता नव्हे, तर त्यानंतर सुमारे पंचवीस मिनिटांनी. “घड्याळ चुकलं का?” घड्याळ चुकले नव्हते. आपली भारतीय वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. आपण त्याच्या सहा-साडेसहा अंश पश्चिमेस. एका अंशाला चार मिनिटे; हिशेब मुलींनीच केला. मेच्या मध्यास तर भर दुपारी काठीची सावली नाहीशी झाली. सूर्य नेमका डोक्यावर येतो, तो आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेअठरा अंशांच्या आसपास आहोत म्हणून. पत्ता सापडला!

मग माठ पालथा घालून त्यावर खडूने रेघा ओढल्या. आपल्या अक्षांशावरून बोट पश्चिमेस सरकवले : अरबी समुद्र, अरबस्तान, सुदान, सहारा, मग अटलांटिक महासागर, आणि पलीकडे हैती. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा तेथे सकाळ असते. तेथेही ऊस आहे! कोलंबसाने 1493 साली आपल्या दुसऱ्या सफरीत त्या बेटावर ऊस नेला. आजही हैतीचे गरीब लोक सीमा ओलांडून शेजारच्या डोमिनिकन देशात ऊस तोडावयास जातात. हे ऐकून एक मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हंजे आपल्यासारखेच.”

त्या दिवसापासून पुस्तक उघडा, असे मला सांगावे लागले नाही. 2018 साली आलेल्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. ब्राझील उसात जगात पहिला, आपला देश दुसरा. साओ पावलो प्रांत विषुववृत्ताच्या दक्षिणेस. आपल्याकडे पट्टा पडतो त्या सुमारास तेथे गाळप सुरू होते. तेथे आता बहुतेक ऊस यंत्राने तोडला जातो. “मग तिथली तोडणारी माणसं कुठं गेली?” हा प्रश्न कोणत्याही गाइडात नाही, तो कोयत्याच्या घरातल्या मुलीलाच सुचला.

कोणी म्हणेल, भाकरी थापणाऱ्या मुलीला ब्राझील काय कामाचा? मी म्हणते, कामाचा आहे. आपले कष्ट कपाळी लिहिलेले, असे तिला लहानपणापासून ऐकावे लागते. पाऊस, जमीन, बाजार आणि माणसांनी केलेली व्यवस्था यांतून हे कष्ट येतात, आणि व्यवस्था इतरत्र बदललेली आहे, हे भूगोल तिला दाखवितो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्नाची बोलणी सुरू होतात. त्याच वयात हे कळणे अगत्याचे आहे.

म्हणून माझे दोनच मागणे आहे. मंडळाच्या खोलीत जगाचा एक मोठा नकाशा आणि एक पृथ्वीगोल असावा. आणि लिहिता-वाचता येणाऱ्या प्रत्येक भगिनीने आठवड्यातील एक तास अशा मुलींना द्यावा. यंदा फडावर जाणाऱ्या मुलांच्या बोचक्यात घडी घातलेला एकेक नकाशा दिवाळीपूर्वीच घालू या. काठी त्यांना तेथेही मिळेल, ऊन तर आहेच.