सर्व्हर उठेना, तेव्हा

२०२० सालचा जुलै पुणेकर विसरलेले नसतील. १३ ते २३ जुलै या काळात पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पुन्हा कडक टाळेबंदी लागली होती. ती उठली, तरी संगणकाची कामे करणारे बहुतेक जण घरीच बसून होते. अशात २९ जुलैला बातमी आली की, लिनक्स संगणक सुरू करणाऱ्या ‘ग्रब’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेची मोठी त्रुटी सापडली आहे. ‘बूटहोल’ हे तिचे नाव. पुण्यातही मोठे कार्यालय असलेली रेड हॅट कंपनी, उबंटू, डेबियन या सगळ्यांनी तातडीने दुरुस्ती पाठवली. ज्यांनी ती लगोलग बसवून सर्व्हर बंद-चालू केला, त्यांच्यापैकी अनेकांचे सर्व्हर उठलेच नाहीत!

आपला घरचा संगणक अडला तर आपण त्याच्यासमोरच बसलेले असतो. सर्व्हरचे तसे नसते. तो मुंबईत असतो आणि सांभाळणारा कोथरूडला. चालू सर्व्हरची दुरुस्ती घरबसल्या होते. पण सुरू होतानाच तो अडला, तर बाहेरच्या जगाशी त्याचा संपर्कच झालेला नसतो, कारण नेटवर्क येते ते बरेच नंतर. दूरवरून स्क्रीन दाखवणारी वेगळी सोय आधीच करून ठेवलेली नसेल, तर कोणीतरी तिथे जाऊन उभे राहावे लागते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक अडले आणि आपल्याकडे विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ते संगणक विंडोजचे होते, पण दुखणे हेच.

अशा वेळी घाबरलेल्या माणसाला हमखास सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारा आणि नव्याने टाका.’ रुग्णालयाच्या नोंदी किंवा पतसंस्थेची खाती त्या डिस्कवर असताना हा सल्ला देणाऱ्याचे मला नवल वाटते. अपग्रेडनंतर सर्व्हर उठत नसला, तरी बहुतेक वेळा आतली माहिती जागच्या जागी असते. आधी विचारायचे ते एवढेच, तो थांबला कुठे?

बटण दाबल्यावर यंत्रातला मूळ प्रोग्रॅम जागा होतो, तो ग्रबला उठवतो, ग्रब मेनू दाखवून कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला उठवतो. कर्नलबरोबर एक छोटी शिदोरी येते. मुख्य डिस्क उघडायला लागणारी हत्यारे तिच्यात असतात. डिस्क उघडली की मग बाकीच्या सेवा.

मेनू दिसतो आणि त्यापुढे गाडी अडते, तर निम्मी काळजी मिटली. त्याच मेनूत सहसा आधीचे कर्नलही असते. ते निवडावे, सर्व्हर बऱ्याचदा चालू होतो. मग सावकाश कारण शोधावे. पुष्कळदा ते फार साधे निघते. ‘बूट’चा कप्पा जुन्या कर्नलांनी भरलेला असतो आणि नवी शिदोरी अर्धवटच बांधली गेलेली असते. किंवा कधीकाळी काढून टाकलेल्या डिस्कचे नाव यादीत राहिलेले असते आणि सर्व्हर तिची वाट पाहून शेवटी ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जातो.

२०२० मध्ये मात्र रेड हॅटच्या अनेक सर्व्हरांवर मेनूच येईना. चूक ग्रबच्याही आधीच्या ‘शिम’ नावाच्या पायरीत होती, त्यामुळे जुने कर्नल असून उपयोग नव्हता. उबंटूची तऱ्हा निराळी होती. ग्रबचा एक भाग डिस्कच्या अगदी सुरुवातीला असतो, दुसरा फाइलींत. काही ठिकाणी फाइली नव्या झाल्या, पण ज्या डिस्कवरून सर्व्हर उठे तिथला भाग जुनाच राहिला. नव्याने मागितलेली गोष्ट जुन्याकडे नव्हती!

दोन्हीकडे उपाय असा की, पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने यंत्र सुरू करायचे, आतली डिस्क जोडायची आणि बिघडलेली पायरी तेवढी बदलायची. रेड हॅटने काही दिवसांतच सुधारित शिम दिले.

दहा सर्व्हर असतील, तर आधी एकावरच अपग्रेड करून तो बंद-चालू करून पाहावा. बॅकअप त्याच डिस्कवर नको. आणि तो पेनड्राइव्ह सर्व्हरशेजारच्या कपाटात ठेवण्यापूर्वी, त्याच यंत्रावर एकदा सुरू करून पाहिलेला असावा.