संपलेला सेल कुठे टाकाल?

रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर, सिरिंज पंप, कानाचं यंत्र, ही सगळी उपकरणं बॅटरीवर चालतात. सेल बदलताना माहितीपुस्तिकेत दिलेलाच प्रकार घ्या. जुने आणि नवे एकत्र घालू नका. कानाच्या यंत्रातला झिंक-एअर सेल हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो. त्यावरची चिकटपट्टी ऐनवेळीच काढा आणि मिनिटभर थांबून तो बसवा.

दवाखान्यात संपलेला सेल पिवळ्या पिशवीत टाकू नका. ती पिशवी भट्टीत जाते, तिथे सेल फुटू शकतो. लिथियम सेलच्या टोकांना टेप लावून तो वेगळ्या, कोरड्या, प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांचं संकलन आणि पुनर्प्रक्रिया ही उत्पादकांची जबाबदारी आहे. म्हणून डबा भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच सोपवा.

आणि एक महत्त्वाचं. बटण सेल मुलाच्या घशाखाली अडकला, तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी उलटी करवू नका, मुलाला लगेच रुग्णालयात न्या. सेल मुलांच्या हाती लागणार नाहीत, असेच ठेवा.