नांवांतला समुद्र

वर्धा जिल्ह्यांत समुद्रपूर नांवाचें तालुक्याचें गांव आहे. नांवांत समुद्र, प्रत्यक्षांत तो शेंकडों मैल दूर! तेथील अकरावी-बारावीला भूगोल घेणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्रथम एकच प्रश्न विचारीन : तुझ्या तालुक्यांत पडलेला पाऊस कोणत्या समुद्रास मिळतो? तालुक्यांतून वाहणारी वणा वर्धेस मिळते. वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते. ती गोदावरींत शिरते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरांत. नद्यांचीं नांवें पाठ असणें निराळें आणि हा मार्ग नकाशावर बोटानें काढतां येणें निराळें.

आपल्या घरांत भूगोल हा ‘पाठांतराचा व सोप्या गुणांचा विषय’ समजला जातो. वरच्या वर्गांत तरी ही समजूत सुटली पाहिजे. याच तालुक्यांत गिरड आहे. तेथील टेकडीवर गोल गोल दगड विखुरलेले आढळतात. शेख फरीद यांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे हे दगड झाले, अशी कथा लोक सांगतात. भूगोल सांगतो कीं, सुमारें 6 कोटि 60 लक्ष वर्षांपूर्वीं येथें लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांत वायूच्या बुडबुड्यांनीं पोकळ्या राहिल्या. झिरपत्या पाण्यांतील द्रव्यांनीं त्या भरल्या. पुढें भोंवतालचा खडक झिजला आणि आंतील गोळे मोकळे झाले. कथेला हंसण्याचें मात्र कारण नाहीं. हे दगड इतरांसारखे नाहींत, हें लोकांनीं आधींच हेरलें होतें.

हें ज्ञान केवळ कौतुकाचें नव्हे. याच खडकाची काळी जमीन झाली; तींत कापूस पिकतो. कठीण, अभंग थरांत पाणी फारसें मुरत नाहीं; झिजलेल्या व भेगाळलेल्या थरांत तें सांठतें. म्हणून एका शेतांतील विहिरीला उन्हाळ्यांत पाणी असतें आणि शेजारची कोरडी पडते. कर्ज काढून विहीर खणणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीनें हा परीक्षेंतला प्रश्न नाहीं. तो वर्षाच्या भाकरीचा प्रश्न आहे.

परीक्षेंत 80 गुण लेखी व 20 प्रात्यक्षिकाचे असतात. तेवढ्यावर न थांबतां मुलानें हातीं नकाशा घेऊन गांवांतल्या दहा विहिरींची खोली आणि पाण्याची पातळी दरमहा टिपून ठेवावी. वर्षअखेर ती वही शेतकऱ्यांनीं मागून नेली, तर त्याचा भूगोल खरा झाला असें मी म्हणेन.