गाईच्या दाढेतला पाऊस

आजचा विषय आहे दाढा. आपल्या नाही, गुरांच्या.

हरियाणात फतेहाबाद जिल्ह्यात भिर्राणा नावाचं गाव आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं तिथं २००३ पासून उत्खनन केलं आणि हडप्पा संस्कृतीचे थरावर थर निघाले. त्यात गुरं, शेळ्या, हरणं यांची हाडं आणि दातही होते. खरगपूर आयआयटीचे अनिंद्य सरकार, आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वज्ञ आणि इतर काहींनी त्यांतून त्या काळचा पाऊस शोधला. २०१६ साली त्यांचा पेपर आला.

आता दाढेत पाऊस कसा शिरतो?

पाण्यातला ऑक्सिजन सगळा सारखा नसतो. बहुतेक अणू १६ वजनाचे, आणि हजारात साधारण दोन १८ चे, म्हणजे जरा जड. ढगातून जड पाणी आधी पडतं. त्यामुळे मान्सून धो धो कोसळला की त्या पाण्यात १८ चं प्रमाण कमी, आणि अर्धवट पावसात जास्त. शिवाय तळं उन्हानं आटतं तेव्हा हलकं पाणी आधी उडून जातं, जड मागे राहतं. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेनं: पाऊस कमी, तर १८ जास्त. गाय तेच पाणी पिते, ते तिच्या रक्तात जातं, तिथून दातातल्या फॉस्फेटमध्ये.

इथं मला एक गोष्ट जाम आवडते. खनिजात किती १८ शिरणार हे तापमानावरही ठरतं. शंखशिंपल्यांत त्यामुळे दोन गोष्टी अज्ञात राहतात: पाणी कसलं होतं आणि किती गरम होतं. गाईचं अंग मात्र बाराही महिने ३८-३९ अंशांवर. एक व्हेरिएबल निसर्गानंच कॉन्स्टंट करून दिलाय!

आणि एनॅमल एकदा बनलं की शरीर त्याला परत हात लावत नाही. दाढ टोकाकडून मुळाकडे बनत जाते, त्यामुळे वरून खाली थोडी थोडी भुकटी खरवडत गेलं की उन्हाळे-पावसाळे ओळीनं सापडतात. आमच्या धंद्यातलं बोलायचं तर ही लॉग फाइलच. फक्त पहिली दाढ चालत नाही. ती बनते तेव्हा वासरू आईच्या दुधावर असतं, आणि दुधातलं पाणी आधीच जड झालेलं असतं.

कार्बनही असाच बोलतो. गहू, भात, झाडपाला यांची कार्बनची खूण वेगळी. ज्वारी, बाजरी, उष्ण प्रदेशातलं गवत यांची वेगळी. शिवालिकमधल्या जीवाश्म दातांत साधारण ७० लाख वर्षांपूर्वी पाल्याची खूण जाऊन गवताची आलेली दिसते.

परत भिर्राण्याला येऊ. तिथल्या दाताहाडांवरून असं दिसलं की ९००० ते ७००० वर्षांपूर्वीपर्यंत मान्सून वाढत गेला आणि त्यानंतर घटत राहिला. आता गंमत बघा. हडप्पाची मोठी शहरं भरात आली ती साधारण ४६०० वर्षांपूर्वी, म्हणजे पाऊस दोनेक हजार वर्षं घटत असताना! लेखकांचा तर्क असा, की लोकांनी पिकं बदलली. गहू-जव कमी करून बारीक तृणधान्यं आणि भात घेतला. त्यांचं उत्पन्न कमी, म्हणून मोठ्या कोठारांऐवजी घरोघरी साठवण सुरू झाली आणि शहरं विरत गेली.

बातम्यांनी मात्र 'संस्कृती ८००० वर्षं जुनी' एवढंच उचललं, आणि काहींनी वर 'कमी पावसानं बुडाली' असंही जोडलं. पेपर जवळजवळ उलटं सांगतोय, राव! खालच्या थरांच्या तारखांवर पुरातत्त्वज्ञांत वाद आहेच, पण पिकांचा मुद्दा त्यावर अवलंबून नाही.

मला जास्त छळतो तो दुसरा पुरावा. हरियाणातच कोटला डहर नावाचं जुनं तळं आहे. तिथल्या गोगलगायींच्या शंखांवरचा अभ्यास २०१४ मध्ये आला, आणि तो म्हणतो की सुमारे ४१०० वर्षांपूर्वी मान्सून अचानक कमजोर पडला. मग हळूहळू की अचानक?

मला वाटतं, भांडण सॅम्पलिंगचं असावं. तळ्यात गाळ सलग साचतो. दात म्हणजे एकेका जनावराच्या आयुष्यातला छोटासा तुकडा. मधली दशकंच्या दशकं निसटतात. एखादा तीस-चाळीस वर्षांचा दुष्काळ दोन दाढांच्या मधल्या फटीत सहज लपू शकतो. आणि शेतकऱ्याला कळतो तो तोच दुष्काळ, दोन हजार वर्षांची सरासरी नाही. त्या ४१०० वर्षांच्या आसपासच्या थरांतल्या भरपूर दाढा, एकेक वरपासून खालपर्यंत खरवडलेल्या, एकाच आलेखावर ठेवलेल्या मला बघायच्या आहेत.