‘कोई पॉइंट?’ – ‘नहीं साहब’



मी निवृत्त कर्नल. वय 66. फौजेत 32 वर्षं काढली आणि आता महूला स्थायिक झालो आहे. हे भाषण ऐकणारे तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे असतील. कुणी इंदूरचे, कुणी बडोद्याचे, कुणी हैदराबादचे. बदलीच्या नोकऱ्यांमुळे आपल्यातल्या पुष्कळ घरांनी मुलं वसतिगृहात ठेवली. माझे दोन्ही मुलगे तिथेच वाढले. म्हणून आजचा विषय आपल्या घरातलाच आहे असं समजून ऐका.

मुलांना सांभाळण्यासाठी काढलेल्या संस्थेतच मुलांवर अत्याचार झाला, तर त्या मुलाचं संस्था काय देणं लागते? गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, हे आपण सगळे म्हणतो. पण त्या मुलाचं पुढे काय, हे फारसं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

निवृत्तीनंतर, 2013 साली, मी एका निवासी शाळेत प्रशासक म्हणून रुजू झालो. शाळेचं नाव सांगणार नाही, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. पुढच्या वर्षी हिवाळ्यात एका रात्री फोन आला. सातवीतला एक मुलगा पळाला होता आणि वीस किलोमीटरवरच्या स्टेशनवर रेल्वे पोलिसांना सापडला होता. मी स्वतः जीप घेऊन गेलो. मुलगा तेरा वर्षांचा, एका सुभेदाराचा. अंगात स्वेटर नव्हता. मी त्याला माझं जॅकेट दिलं, बिस्किटं दिली आणि विचारलं, “काय झालं?” तो म्हणाला, “काही नाही सर.” मी म्हणालो, “फौजीचा मुलगा असून पळतोस?”

त्यानंतर वाटेत तो एक शब्द बोलला नाही. शाळेत पोचल्यावर मी त्याला वॉर्डनच्या स्वाधीन केलं आणि म्हणालो, “जरा लक्ष ठेवा याच्यावर.”

तो पळाला होता त्या वॉर्डनपासूनच.

हे मला 2022 मध्ये कळलं. मी ती नोकरी सोडून सहा वर्षं झाली होती. फोनवर एक तरुण म्हणाला, “सर, त्या रात्री तुम्ही मला बिस्किटं दिली होती. आठवतंय?” मग तो हळूहळू बोलत गेला. मी हैदराबादला जाऊन त्याला भेटलो. मला वाटलं होतं, तो चिडलेला असेल. तो शांत होता. त्यानं एकच विचारलं, “सर, तुम्ही मला परत नेलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?”

मी म्हणालो, “नाही.” ते खरं होतं. पण तेवढ्यानं सुटका होत नाही. मला माहीत नव्हतं, कारण मी माहीत करून घेतलं नाही.

आता थोडं फौजेबद्दल. पलटणीत सैनिक संमेलन असतं. सगळे जवान बसलेले असतात आणि शेवटी कमांडिंग ऑफिसर विचारतो, “कोई पॉइंट?” चारशे माणसं एका सुरात म्हणतात, “नहीं साहब!” नव्या अधिकाऱ्याला वाटतं, सगळं आलबेल आहे. जुना अधिकारी जाणतो की खरी अडचण त्या मांडवात कधीच निघत नाही. ती लंगरमागे निघते, रात्री गस्तीवर निघते, एकट्याशी बोलताना निघते. हे मी 32 वर्षं जवानांच्या बाबतीत पाळलं. मुलांच्या बाबतीत विसरलो. जीपमध्ये, ड्रायव्हरसमोर, मी एका लेकराला “कोई पॉइंट?” विचारलं आणि “नहीं साहब” ऐकून समाधान मानलं.

आणखी एक समजूत माझ्या डोक्यात होती. मुलगा आहे, त्याला काय होणार! महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून तो केला होता. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला आणि त्या सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते.

त्या तरुणाच्या भेटीनंतर मी वाचायला बसलो. दुसऱ्या देशांनी काय केलं, हे पाहू लागलो.

ऑस्ट्रेलियानं 2013 मध्ये एक शाही आयोग नेमला. चर्चची वसतिगृहं, अनाथालयं, शाळा, क्रीडासंस्था, सगळ्यांची चौकशी. आयोगाच्या सदस्यांनी आठ हजारांहून अधिक माणसांना एकेकट्यानं, बंद दाराआड भेटून ऐकलं. त्यातून एक आकडा निघाला. लहानपणी झालेला अत्याचार पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला या माणसांना सरासरी जवळपास 24 वर्षं लागली होती. म्हणजे आज जो बोलत नाही, तो खोटं लपवत नसतो. त्याची वेळ आलेली नसते.

आयोगाच्या शिफारशींवरून 1 जुलै 2018 पासून तिथं राष्ट्रीय भरपाई योजना सुरू झाली. तिचे तीन भाग आहेत. पहिला, दीड लाख डॉलरपर्यंत रक्कम. दुसरा, समुपदेशन. आणि तिसरा, पीडिताची इच्छा असेल तर संस्थेच्या जबाबदार माणसानं समोर बसून त्याचं ऐकणं आणि माफी मागणं. इथं फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा मागत नाहीत. घडलं असण्याची रास्त शक्यता दिसली, तरी अर्ज मान्य होतो.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते त्यांच्या फौजेचं प्रकरण. फ्रीमँटलजवळ नौदलाचं ‘लीविन’ नावाचं प्रशिक्षण केंद्र होतं. 1960 पासून 1984 पर्यंत तिथं पंधरा-सोळा वर्षांची मुलं भरती होत. अनेकांवर मोठ्या मुलांनी आणि कर्मचाऱ्यांनी अत्याचार केले. तक्रार करणाऱ्याला भित्रा ठरवलं जाई. 2012 मध्ये सरकारनं संरक्षण दलांतल्या अत्याचारांसाठी एक स्वतंत्र कृतिदल नेमलं. त्यात 50 हजार डॉलरपर्यंत रक्कम होती, समुपदेशन होतं आणि आणखी एक गोष्ट होती. पीडितानं मागणी केली, तर दलाचा एखादा वरिष्ठ अधिकारी त्याच्यासमोर बसून त्याची सगळी कहाणी ऐकत असे. अशा शेकडो भेटी झाल्या.

तुम्ही फौजेत नसाल तर याचं मोल कदाचित लक्षात येणार नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षांपूर्वी सांगायचा प्रयत्न केला आणि ज्याला “मर्द हो” म्हणून हाकललं गेलं, त्याच्यासमोर तोच गणवेश, तेच बिल्ले घातलेला माणूस बसतो आणि म्हणतो, “तुझ्यावर विश्वास आहे. चूक आमची होती.” पैशानं हे होत नाही. आणि पैशाशिवायही ते अपुरं राहतं, कारण झोप उडालेल्या माणसाचे डॉक्टर फुकट तपासत नाहीत.

चांगल्या हेतूनं काढलेल्या योजनाही कशा चुकतात, ते आयर्लंडमध्ये दिसतं. तिथल्या पंतप्रधानांनी मे 1999 मध्ये देशाच्या वतीनं माफी मागितली. 2002 मध्ये भरपाई मंडळासाठी कायदा झाला. पंधरा हजारांहून जास्त लोकांना रक्कम मिळाली, सरासरी साठ हजार युरोंच्या वर. पण कायद्यात एक अट होती. किती भरपाई मिळाली, हे जाहीर केलं तर तो गुन्हा. लहानपणी ज्यांना गप्प बसवलं, त्यांनाच म्हातारपणी पुन्हा गप्प बसवलं, अशी कित्येकांची भावना झाली.

आता आपल्या देशाकडे येऊ. 2017 मध्ये बिहार सरकारनं मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला आपल्या निवारागृहांची पाहणी करायला सांगितलं. संस्थेच्या ‘कोशिश’ गटानं रजिस्टर तपासून काम संपवलं नाही. ते मुलांमध्ये बसले, त्यांच्याशी बोलले. त्यातूनच मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातला प्रकार बाहेर आला. सर्वोच्च न्यायालयानं खटला दिल्लीला हलवला आणि जानेवारी 2020 मध्ये 19 जण दोषी ठरले. मुलींना विचारायला कुणीतरी नीट बसलं, म्हणून हे झालं.

पूर्वी संस्थांमध्ये अत्याचार सोसलेल्या आणि आता मोठ्या झालेल्या माणसांसाठी ऑस्ट्रेलियासारखी राष्ट्रीय योजना आपल्याकडे नाही. ती व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण जे आज कायद्यात आहे, तेही लोकांना ठाऊक नाही. म्हणून चार गोष्टी सांगतो. लिहून घ्या.

एक. पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. त्यानंतर घडलेल्या अत्याचाराची तक्रार पीडित मोठा झाल्यावरही करू शकतो. वयाची अट नाही, हे केंद्र सरकारनं 2018 मध्ये स्पष्ट केलं. गुन्हा दुसऱ्या राज्यात घडला असला, तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकानं एफआयआर नोंदवता येतो.

दोन. भरपाईसाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. 2020 च्या नियमांनुसार विशेष न्यायालय एफआयआर नोंदल्यानंतर कधीही अंतरिम भरपाई देऊ शकतं. आरोपी निर्दोष सुटला किंवा सापडलाच नाही, तरी मुलाचं नुकसान झालंय असं न्यायालयाला वाटलं, तर भरपाई मिळू शकते. आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत ती राज्य सरकारनं द्यायची असते. अर्जासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथं वकीलही मोफत मिळतो.

तीन. बालकल्याण समिती मुलाला मदतनीस व्यक्ती नेमून देऊ शकते. पोलीस, दवाखाना, न्यायालय, सगळीकडे ती सोबत असते. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या खर्चासाठी वेगळी रक्कमही समिती सुचवू शकते. हे मागा. न मागता क्वचितच मिळतं.

चार. अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. संस्थाप्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

ही चौथी गोष्ट मी त्या तरुणालाही सांगितली. म्हणालो, “आता मला कळलं आहे, त्यामुळे कायद्यानं मला गप्प बसता येत नाही. पण तू पुढे चाल, मी मागे येतो.” दोन दिवसांनी आम्ही ठाण्यात गेलो. तो वॉर्डन तेव्हाही मुलांच्यातच नोकरी करत होता. मी माझा जबाब दिला. त्यात तो मुलगा पळाला होता, मी त्याला परत आणलं आणि कारण शोधलं नाही, हे सगळं लिहून दिलं. वकिलांनी आधी सावध केलं होतं, की बचाव पक्ष तुमच्यावरही शेकवेल. शेकवू दे. माझे काही जुने सहकारी हल्ली माझा फोन घेत नाहीत. शाळेचं नाव खराब केलं म्हणतात. नाव त्या रात्रीच खराब झालं होतं. आम्हाला ते आठ वर्षांनी कळलं, इतकंच.

निवृत्तीनंतर माझ्यासारखे पुष्कळ अधिकारी शाळा-वसतिगृहांचे प्रशासक होतात. त्यांना माझं सांगणं आहे. मुलगा पळाला, तर त्याला लगेच वसतिगृहात नेऊन सोडू नका. आधी पालकांना बोलवा. बालकल्याण समितीला कळवा. त्याला अशा माणसाशी एकट्यानं बोलू द्या, ज्याच्या हातात त्याचं जेवण, मार्क किंवा सुट्टी नाही. 1098 हा क्रमांक मुलांना दिसेल, पण वॉर्डनच्या खोलीबाहेर नसेल, अशा जागी लावा.

आणि हे ऐकणाऱ्यांत कुणी असा असेल, ज्यानं आजवर कुणाला काही सांगितलं नाही, तर त्याला एवढंच सांगतो. पळणारा मुलगा भित्रा नसतो. त्या थंडीत, रात्री, स्वेटरशिवाय वीस किलोमीटर चालत जायला हिंमत लागते. मी ते त्याला त्या रात्री म्हणायला हवं होतं. हैदराबादला म्हणालो. त्यानं मान खाली घातली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, चहा घेऊ या का?”

आमची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तो हैदराबादहून येईल, मी महूहून जाईन.

जय हिंद.