पाच अधिक तीन, त्रेपन्न?

वेबपानावरच्या एका चौकटीत तुम्ही ५ लिहिलेत, दुसरीत ३, आणि बेरीज आली ५३! असं का व्हावं? चौकटीत लिहिलेलं जावास्क्रिप्टच्या हाती येतं ते स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणून; आणि अधिक चिन्ह दोन मजकूर नुसते जोडतं. आधी ‘नंबर’ फंक्शनने त्यांचे आकडे करून घ्या. उत्तर ८ येईल.

असा आकडा किंवा मजकूर म्हणजे मूल्य, आणि मूल्याला नाव देतं ते व्हेरिएबल. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या आवृत्तीपासून त्यासाठी ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ आहेत. पुढे नवं मूल्य द्यायचं असेल तर लेट, नाहीतर कॉन्स्ट. प्रकार मात्र मूल्याचा असतो: नंबर, स्ट्रिंग, खरं-खोटं सांगणारं बूलियन. शंका आली की ‘टाइपऑफ’ वापरून तपासा. ही सवय सुरुवातीलाच लावून घ्या. पुढच्या कितीतरी चुका टळतील.